पालेर्मोच्या तळघरात वन्सं

क्रूझवरून परत आल्याचं कळलं की शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या आमच्या मैत्रिणी दोन गोष्टी हमखास विचारतात. व्हेज जेवण नीट मिळालं का, आणि बोट लागली का. जेवण मिळालं. बोट लागली नाही. रोम कसं वाटलं, नेपल्सचा पिझ्झा खरंच तेवढा चांगला असतो का, हेही विचारून होतं. पालेर्मोबद्दल कुणी विचारत नाही, कारण ते नाव बहुतेकींनी ऐकलेलं नसतं. जाण्याआधी मीही ऐकलं नव्हतं. आमच्या आयटिनररीत सिसिली बेटावरचं ते एका दिवसाचं बंदर होतं. सकाळी आठला उतरायचं, दुपारी साडेचारला परत जहाजावर.

त्या साडेआठ तासांत माझ्या एक्केचाळीस वर्षांच्या संसाराबद्दल मला असं काही कळलं, की त्यातून अजून मी पुरती सावरलेले नाही. म्हणून लिहायला बसले.

रोम

श्रीधरची सत्तरी होती. आमच्या ऋचाने, ती अमेरिकेतच फ्रिस्कोला असते, आम्हा दोघांना क्रूझ भेट द्यायचं ठरवलं. श्रीधर तिला फोनवर म्हणाला, "तिघांचं बुकिंग कर. अक्काला नेऊ."

अक्का म्हणजे त्याची मोठी बहीण, माझ्या वन्सं. वय सत्त्याहत्तर. नागपूरला मुलींच्या शाळेत तीस वर्षं शिकवलं, त्यातली शेवटची बारा वर्षं मुख्याध्यापिका. नवरा फार लवकर गेला, मूलबाळ नाही, असं मला लग्नाच्या वेळी सांगितलं होतं. त्या बोलत कमी आणि पाहत जास्त. शिकागोत मी इतकी वर्षं हॉस्पिटलची अख्खी लॅब सांभाळली, पण वन्संसमोर आजही माझा पदर आपोआप सरळ होतो, आणि तेव्हा तर मी जीन्समध्ये असते. एरवी मी नवऱ्याला श्रीधर म्हणते. वन्सं समोर आल्या की त्याचं 'हे' होतं.

त्यामुळे दहा दिवस त्यांच्याबरोबर एका जहाजावर राहायचं या कल्पनेचं मला निघण्याआधीच दडपण आलं होतं. आम्ही ओ'हेअर विमानतळावरून निघालो, वन्सं मुंबईहून. रोमच्या विमानतळावर त्या आमच्याआधी येऊन बाकावर बसल्या होत्या. फिकट निळी सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, मांडीवर एकच बॅग. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, "नीला, वाळलीस गं." श्रीधरच्या गालावरून मात्र हात फिरवला.

नेपल्स

इथे एवढंच झालं, की बसमधून उतरताना श्रीधरची पायरी चुकली. घोटा मुरगळला. जहाजावरच्या डॉक्टरने पट्टी बांधली आणि चार दिवस पाय खाली टेकवायचा नाही म्हणून सांगितलं.

"उद्या पालेर्मोला तुम्ही दोघी जा," श्रीधर पाय उशीवर ठेवून म्हणाला.

"आम्ही दोघी?" मी विचारलं.

"त्यात काय झालं?" पलीकडून वन्सं म्हणाल्या. "मी काही चावत नाही."

पालेर्मो, सकाळ

जहाज गावाच्या अगदी पुढ्यात लागतं. मागे उघडाबोडका डोंगर, खाली पिवळट रंगाच्या इमारती. धक्क्यावरून चालत दहा मिनिटांत आपण गर्दीत असतो. माझ्या डोक्यातला युरोप म्हणजे स्वच्छ चौक, कारंजी आणि कुंड्यांतली फुलं. इथे पहिल्याच गल्लीत आमच्या डोक्यावर या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत कुणाच्या तरी घरातली सगळी आतली वस्त्रं वाळत होती. त्यांचं पाणी माझ्या चष्म्यावर पडलं. कचऱ्याचे ढीग होते, फुटपाथवर स्कूटर चढत होत्या, आणि एका भल्यामोठ्या महालाच्या गच्चीतून अंजिराचं झाड उगवलं होतं. कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. नेपरव्हिलमध्ये आमच्या लॉनवरचं गवत दोन इंच वाढलं तर सोसायटीचं पत्र येतं.

"अगं, ही तर इतवारी आहे," वन्सं म्हणाल्या, आणि नागपूरच्या बाजारात चालतात तशा सराईतपणे गर्दीत शिरल्या.

बाजार लांबच लांब होता. मासे, ऑलिव्ह, टोमॅटो, ओरडणारे विक्रेते. एका भाजीवाल्याकडे चार फूट लांबीचा दुधी होता. वन्संनी तो उचलून नखाने टोचून पाहिला. विक्रेता बांगलादेशी निघाला. "मौसी, एकदम ताजा है," तो हिंदीत म्हणाला. मी बघतच राहिले. वन्सं मात्र त्याच्याशी पाच मिनिटं दुधीच्या जातींवर बोलल्या, जणू सिसिलीत बंगाली माणसाकडून दुधी घेणं हे ठरलेलंच होतं.

पुढे एका गाड्यावर तळणीचा वास आला. बेसनाच्या चौकोनी वड्या तळून पावात घालून देत होते. वन्संनी एक तुकडा मोडून चाखला.

"पाटवडीच आहे ही. फक्त तळलेली. हिंग घालायचं राहिलं."

त्यांनी तीन खाल्ल्या. मी दुसरी खाताना शेजारच्या पातेल्याकडे पाहिलं. गाडीवाला त्यातून काळपट पातळ कापं काढून दुसऱ्या पावात भरत होता. मी विचारलं हे काय. त्याने स्वतःच्या बरगडीखाली बोट ठेवून दाखवलं. वासराची प्लीहा. आमच्या वड्यांची कढई वेगळी होती याची मी दोनदा खात्री करून घेतली, आणि वन्संना काही बोलले नाही. त्या म्हणाल्या, "तुझा चेहरा असा का झालाय?" मी म्हटलं, "ऊन."

दुपारचं जेवून आम्ही एका चर्चच्या पायऱ्यांवर बसलो. त्या वेळी गावातलं सगळं बंद असतं. तीनच्या सुमाराला एक टॅक्सीवाला समोर आला. पन्नाशीचा, ढेरपोट्या, हसरा. नाव नीनो. जहाजाच्या प्रवाशांना तो लांबूनच ओळखत असावा.

"एक जागा दाखवतो," तो त्याच्या इंग्रजीत म्हणाला. "जुना मठ. खूप जुना. खूप महत्त्वाचा. नंतर तुम्हाला बंदरावर सोडतो. साडेचार? नो प्रॉब्लेम."

जुना मठ म्हटल्यावर वन्सं उठल्याच. त्यांना देवळं, लेणी, पडके किल्ले मनापासून आवडतात. आत काय आहे हे मी विचारायला हवं होतं.

पालेर्मो, दुपार

मठ बाहेरून साधा होता. नीनो टॅक्सीतच थांबला. दारात एक म्हातारे गृहस्थ तिकिटं देत होते, पांढरे केस, राखाडी स्वेटर. फोटो काढायचा नाही, अशी खूण त्यांनी केली. मग जिना खाली गेला. हवा थंड झाली. वास कुजकट नव्हता. बरीच वर्षं बंद असलेली ट्रंक उघडल्यावर येतो तसा, कोरडा, जुन्या कापडाचा.

खाली पोचल्यावर मी आधी समोर पाहिलं आणि मग दोन्ही बाजूंना.

भिंतीवर माणसं टांगलेली होती. खरी, मेलेली माणसं. शेकडो. कोटात, झग्यांत, टोप्यांत, मान एका बाजूला पडलेली, कुणाचा जबडा उघडा, कुणाच्या हातात मोजे. दोन-तीनशे वर्षांपूर्वीचे बहुतेक. काहींच्या गळ्यात नावाची पाटी. वर माणसं, खाली माणसं, आडव्या कोनाड्यांत माणसं, आणि मधून आम्ही तिकीट काढलेले टुरिस्ट.

मी लॅबमध्ये आयुष्य काढलं आहे. रक्त, गाठी, काचेवर चिकटवलेले तुकडे, सगळं पाहिलं. तरी मी जिन्याचा कठडा धरला. आपल्याकडे माणूस गेला की त्याच दिवशी राख होते. अमेरिकेत आठवडाभर थांबावं लागतं, याचाच मला पहिल्यांदा केवढा धक्का बसला होता. मैत्रिणीच्या नवऱ्याच्या वेळी फ्युनरल होममध्ये तिने बटण दाबलं, दार सरकलं, आणि दहा मिनिटांत आम्ही पार्किंग लॉटमध्ये उभ्या होतो. तेही मला निर्दय वाटलं होतं. पण हे म्हणजे जाऊच द्यायचं नाही.

"वन्सं, चला वर," मी म्हटलं. "मला नाही बघवत."

त्या पाठीमागे हात बांधून भिंतीकडे पाहत होत्या, शाळेत वर्गांवर फेरी मारायच्या तशा.

"वर्गवार लावलेत," त्या म्हणाल्या. "हे साधू, ते पुरुष, तिकडे बायका. तुला जायचं तर जा. मी बघून येते."

त्यांना एकटं कसं सोडणार. मी जमिनीकडे नजर ठेवून त्यांच्या मागे निघाले. त्या एका कोपऱ्यावर वळल्या आणि थांबल्या. मी त्यांच्या पाठीवर आपटले.

समोर काचेच्या पेटीत एक लहान मुलगी होती. दोन वर्षांचीही नसेल. शंभर वर्षांपूर्वी गेलेली, असं बाजूला लिहिलं होतं. इतरांसारखी ती वाळलेली नव्हती. गाल भरलेले, कपाळावर केसांच्या बटा, डोक्यावर मोठी रिबीन. हनुवटीपर्यंत पांघरूण. दुपारी झोपवलेलं मूल असतं तशी.

वन्सं पुढे झाल्या. काचेपासून वीतभर अंतरावर उभ्या राहिल्या. मी वाट पाहिली. दोन मिनिटं, पाच मिनिटं. एक जर्मन जोडपं येऊन पाहून गेलं. मग त्यांचा आवाज आला, एरवीचाच, सरळ.

"एवढीच होती."

"कोण?"

"माणिक."

मी कुठल्या तरी विद्यार्थिनीचं नाव असेल असं समजून विचारलं, "कोण माणिक, वन्सं?"

"माझी मुलगी."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. खालची हवा, तो वास, सकाळपासूनचं ऊन, यामुळे कानात काही तरी होत असेल.

"तुम्हाला मुलगी होती?"

"एक वर्ष दहा महिन्यांची झाली. मी वीस वर्षांची होते. माहेरी आले होते तिला घेऊन. घटसर्प झाला. तीन दिवसांत गेली." त्यांनी काचेवर हात ठेवला नाही, पण बोटं जवळ नेली. "एवढ्या लहान मुलाला जाळत नाहीत, माहीत आहे ना? पुरतात. बाबा उचलून घेऊन गेले. बायकांनी जायचं नसतं. मी विचारलं कुठे ठेवलं, तर आई म्हणाली, विचारू नये. दुसरं होईल."

दुसरं झालं नाही. ते मला ठाऊक होतं. निदान तेवढं तरी.

मला बसायला जागा हवी होती, आणि बसायला तिथे काही नव्हतं. एक्केचाळीस वर्षं. सासूबाई दोनदा सहा-सहा महिने माझ्याकडे राहून गेल्या. दिवाळीचे फोन, लग्नं, मुंजी, नागपूरच्या घरातल्या अल्बमचं पान न् पान मी पाहिलेलं. एकाच्याही तोंडून ते नाव कधी निघालं नव्हतं.

"ऋचाला पहिल्यांदा नागपूरला घेऊन आलीस," वन्सं काचेकडे पाहतच म्हणाल्या, "तेव्हा मी शिबिराला वर्ध्याला गेले. आठवतं?"

आठवत होतं. मी ते कधी विसरले नव्हते. पहिली भाची सातासमुद्रापलीकडून येते आणि आत्याला तीन आठवडे शाळेचं शिबिर सोडवत नाही, हे मी मनात धरून ठेवलं होतं. मैत्रिणींना सांगितलंही होतं.

"ती तेव्हा बरोबर तेवढ्याच वयाची होती," वन्सं म्हणाल्या. "मी तिला उचललं असतं तर खाली ठेवलं नसतं. तू मागितली असतीस तरी."

मी त्यांच्या दंडाला हात लावला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. त्यांनी तो राहू दिला.

तेवढ्यात पायांचा आवाज आला. दारातले ते म्हातारे गृहस्थ. आम्ही फार वेळ थांबलोय म्हणून हटकायला आले असतील असं मला वाटलं. त्यांनी वन्संकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हलक्या आवाजात विचारलं, "मदर?"

मी होय म्हणून मान हलवली. ते परत गेले आणि लाकडी खुर्ची घेऊन आले. वन्संच्या मागे ठेवली. वन्सं बसल्या. ते गृहस्थ कोपऱ्यावर जाऊन उभे राहिले आणि पुढच्या टुरिस्टांना हाताने दुसऱ्या बाजूने वळवायला लागले.

चारला पाच कमी असताना नीनो धापा टाकत खाली आला. "सिन्योरा, जहाज."

वन्सं उठल्या नाहीत. त्यांचं इंग्रजी शाळेतलं, पण पक्कं. त्यांनी त्याला विचारलं, "या लोकांना इथे असं का ठेवत होते?"

नीनोने टोपी काढून हातात घेतली. "घरची माणसं भेटायला यायची, मॅडम. माझी आजी सांगायची, तिच्या आजीच्या वेळेपर्यंत यायची. रविवारी. हात धरायचे. बोलायचे. आया मुलांचे कपडे बदलायच्या."

"कपडे बदलायच्या," वन्सं मराठीत म्हणाल्या. माझ्याकडे वळल्या. "इथल्या आयांना येऊन कपडे बदलता येत होते, नीला. मला तर कुठली माती तेही सांगितलं नाही."

मग त्या उठल्या. खुर्ची स्वतः उचलून त्या गृहस्थांपर्यंत नेऊन दिली आणि त्यांना नमस्कार केला.

टॅक्सीत

चार वाजून आठ मिनिटं झाली होती. गावात सगळी दुकानं पुन्हा उघडली होती आणि सगळ्या स्कूटर एकाच रस्त्यावर उतरल्या होत्या. नीनोने हॉर्नवरून हात काढला नाही. एका वन-वेमध्ये तो उलटा घुसला. एरवी मी डोळे मिटले असते. पण मला जहाजाची भीती वाटतच नव्हती. मी वन्संकडे पाहत होते. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

"बाळू गेला होता," त्या म्हणाल्या.

"कुठे?"

"बाबांबरोबर. तिला न्यायला एकट्याने कसं जमणार? तेरा वर्षांचा होता. कुदळ त्याच्या हातात होती. मी खिडकीतून पाहिलं."

बाळू म्हणजे श्रीधर. माझा नवरा.

वन्संनी सांगितलं नाही हे मी समजू शकत होते. पण ज्या माणसाच्या शेजारी मी एक्केचाळीस वर्षं झोपले, ज्याला मी शाळेतल्या मित्रांच्या टोपणनावांसकट ओळखते असं मला वाटत होतं, त्याने हे पोटात ठेवलं होतं. ऋचा तापाने फणफणायची तेव्हा तो रात्रभर तिच्या पाळण्याशी उभा राहायचा आणि मी त्याला हसायचे, की तीन डॉक्टरांनी सांगितलंय साधा सर्दीताप आहे. तो कशाला घाबरत होता, ते मला त्या टॅक्सीत कळलं.

"तुम्ही त्यांना कधी विचारलं नाहीत?" मी म्हटलं.

"लहान होता. मग परीक्षा होत्या. मग अमेरिकेला गेला." त्यांनी क्षणभर डोळे मिटले. "मला वाटायचं, नाही म्हणाला तर? मला माहीत नाही, म्हणाला तर? मग विचारायलाही काही उरलं नसतं."

बंदराच्या फाटकाशी पोचलो तेव्हा चार सत्तावीस. नीनो जवळजवळ वन्संचा हात धरून पळाला. जिन्याशी उभी असलेली फिलिपिनो मुलगी यादी घेऊन वाट पाहत होती. आमच्या कार्डांचा पिंग असा आवाज झाला आणि मागोमाग फळी ओढली गेली.

जहाजावर

वन्सं कुणाच्याही खोलीत बूट काढल्याशिवाय जात नाहीत, हॉटेलातही नाही. त्या दिवशी तशाच आत शिरल्या. श्रीधर पाय उशीवर ठेवून टीव्हीवर फुटबॉल बघत होता.

"किती उशीर? मला वाटलं, राहिलात तिकडेच," तो म्हणाला.

वन्सं त्याच्या पलंगाच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या.

"बाळू, माझ्या मुलीला कुठे ठेवलंत?"

मला वाटलं होतं, तो दचकेल, काय म्हणतेस म्हणेल, माझ्याकडे पाहील. त्याने यातलं काहीच केलं नाही. रिमोट घेऊन टीव्ही बंद केला. सत्तावन्न वर्षं तो या प्रश्नाची वाट बघत असावा, असं ते बंद करणं होतं.

"आपल्या मागच्या दारातून वाट जायची," तो म्हणाला. "ओढ्यापर्यंत. ओढा ओलांडून डावीकडे, दोन बाभळी होत्या. त्यांच्या पलीकडे, उंचवट्यावर. पावसाचं पाणी येणार नाही असं बाबांनी बघितलं."

"मग?"

"बाबांनी त्यांच्या धोतरात गुंडाळलं होतं. मी खणलं. त्यांचे हात चालेनात. मीठ नेलं होतं ते घातलं. वर दगड ठेवायचे होते, कुत्री येऊ नयेत म्हणून. ते मी ओढ्यातून आणले. खूप आणले." त्याने रिमोट बाजूला ठेवला. "बाबा ओढ्याच्या कडेला बसून रडले, अक्का. मी त्यांना तेव्हा एकदाच रडताना पाहिलं. मला म्हणाले, अक्काला जागा सांगू नकोस. ती उकरायला जाईल."

"आणि तू सांगितलं नाहीस."

"शपथ घातली होती."

"बाबांना जाऊन तीस वर्षं झाली."

"मला वाटलं," तो म्हणाला, आणि थांबला. "मला वाटलं, आता कशाला आठवण काढायची. तू विसरली असशील."

वन्संनी त्याच्या थोबाडीत मारली.

फाडकन आवाज झाला. सत्त्याहत्तर वर्षांच्या बाईने सत्तर वर्षांच्या भावाला मारलं, माझ्यासमोर, त्याच्या वाढदिवसाच्या क्रूझवर. मी दाराला टेकून उभी होते ती तशीच राहिले. श्रीधरने गालाला हात लावला नाही. मान खाली घालून बसला, एखाद्या मुलासारखा. वन्सं पलंगावर बसल्या आणि त्यांनी त्याचं डोकं छातीशी ओढून घेतलं. दोघांपैकी कोण रडतंय ते मला कळत नव्हतं. खिडकीबाहेर पालेर्मो हळूहळू लांब जात होतं आणि आमच्यापैकी कुणी ते पाहिलं नाही.

बऱ्याच वेळाने वन्संनी विचारलं, "कोणत्या कुशीवर ठेवलं?"

श्रीधर म्हणाला, "डाव्या. बाबांनी आधी उताणं ठेवलं होतं. मी म्हटलं, ती डाव्या कुशीवर झोपते. मग त्यांनी वळवलं."

वन्संनी मान हलवली. पुन्हा पुन्हा हलवत राहिल्या. "हो," म्हणाल्या. "तशीच झोपायची."

पुढचे पाच दिवस माल्टा, ग्रीस वगैरे झालं. फोटो आहेत. श्रीधरने जहाजाच्या रोजच्या कार्यक्रमपत्रिकेच्या मागे वन्संना नकाशा काढून दिला. घर, विहीर, ओढा, दोन बाभळी. तो सिव्हिल इंजिनियर आहे, त्यामुळे खाली मापंही लिहिली, पावलांत, तेरा वर्षांच्या मुलाच्या पावलांत.

एकदा डेकवर आम्ही दोघंच होतो तेव्हा मी त्याला विचारलं, "मला का नाही सांगितलंस? मला?"

तो समुद्राकडे पाहत म्हणाला, "आमच्या घरात ते सांगायची सवयच नव्हती, नीला. सांगायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं."

मी रागावले होते. थोडी अजून आहे. पण मलाही सवय नव्हती. वन्सं वर्ध्याला का गेल्या, हे मी तरी त्यांना कधी कुठे विचारलं होतं.

नेपरव्हिल

परत येऊन दोन महिने झाले. बर्फ पडायला लागलं आहे. रविवारी सकाळी वन्संचा फोन येतो. पूर्वी तो श्रीधरला यायचा, आता मला येतो.

पहिल्या महिन्यात त्यांनी जागा शोधली. ओढ्याचा आता नाला झाला आहे, वरून सिमेंटने झाकलेला. बाभळी नाहीत. पण जुन्या घराची विहीर जाळी घालून शिल्लक आहे, आणि तिथून त्यांनी पावलं मोजली. शाळेतल्या एका सातवीच्या मुलीला मोजायला लावली, म्हणाल्या, माझी पावलं लहान झाली आहेत. उंचवटा उरलेला नाही. रस्ता आहे, आणि कडेला एक चहाची टपरी. त्या रोज फिरायला तिकडे जातात.

"चहावाला विचारत होता," परवा त्या म्हणाल्या, "आजी, तुम्ही रोज इथेच का उभ्या राहता?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"सांगितलं, इथे माझी मुलगी आहे."

फोनवर मागून नागपूरच्या रिक्षांचे आवाज येत होते.

"तो काय म्हणाला?"

"काही नाही गं," वन्सं म्हणाल्या. "त्याने स्टोव्ह तिथून उचलून जरा बाजूला ठेवला."